एकाच आडनावाचे दोघे

आमच्या महाल वस्तीतला तो घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच बोलायचा. काहीही विचारलं तरी आधी "हो जी" म्हणायचा आणि मग सावकाश नकार द्यायचा. आमचं आडनाव एकच होतं.

वेगळ्या विदर्भाच्या विरोधात मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं. "हो जी," तो म्हणाला, "मले नाही पटलं."

पत्राखाली फक्त आडनाव आणि 'महाल' एवढंच छापून आलं. त्याच दुपारी जमाव त्याच्या दुकानावर आला.

"काहून लिहिलं बे?" कोणीतरी ओरडलं. मी समोरच्या पानठेल्याशी उभा होतो. त्याने भिंग काढलं आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. "मी नाही लिहिलं. कोणं लिहिलं, ते नाही सांगत."

त्यांनी त्याला मारलं, काचेचं कपाट फोडलं.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. तो काचा वेचत होता. "तुमच्या घरी लेकरं आहेत जी," तो म्हणाला. "पण पुढच्या पत्राखाली पूर्ण नाव लिहा."

मी पुन्हा पत्रच लिहिलं नाही. वर्षभराने त्याला तसं सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला.

"मंग मी मार काहून खाल्ला?"