आबांच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी एका कराओके क्लबचा सभासद आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढच्या कबुल्या थोड्या सोप्या जातील.

दर रविवारी सकाळी दहाला कसबा बावड्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही पंचवीसेक माणसं जमतो. पोटं आणि आवाज दोन्ही सुटलेली. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात, वाद्यं यंत्रातून वाजतात आणि आम्ही कोट घालून जुनी सिनेमाची गाणी म्हणतो. श्रोते म्हणजे ज्यांचा नंबर अजून आलेला नाही असे गायक. ते टाळ्या मनापासून वाजवतात, कारण थोड्या वेळानं त्यांनाही त्या लागणार असतात. आमचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर आहेत. प्रत्येक गाण्यानंतर ते निकाल देतात. गाणं बरं झालं तर "ओरिजिनलच्या अगदी जवळ!" आणि फारच बिघडलं तर "ओरिजिनलची आठवण करून दिलीत." त्यात खोटं काहीच नसतं. आमच्याकडे ओरिजिनलची आठवण इतकी येते की डोळे भरून येतात.

एकदा क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांनी विचारलं, तुमचं आवडतं कव्हर व्हर्जन कोणतं? लोकांनी दहा-दहा गाण्यांच्या याद्या टाकल्या, कुणी कुणाची चाल कशी उजळली यावर निबंध लिहिले, दोघांचं भांडण होऊन एकानं ग्रुप सोडला आणि संध्याकाळी परत आला. मी फक्त अंगठ्याचं चित्र टाकलं. माझं उत्तर एका ओळीचं होतं आणि तेवढं लिहायला माझी छाती नव्हती.

ते उत्तर म्हणजे माझ्या वडिलांचं गाणं.

आबा कागलजवळच्या आमच्या गावात गायन पार्टी चालवायचे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात ऊस तोडायचा आणि संध्याकाळी विहारात येऊन पेटी उघडायची. पार्टीची रीत ठरलेली होती. सिनेमातली गाजलेली चाल घ्यायची, तिच्यातलं चांदणं, नदीकाठ, ओढणी असलं सामान बाहेर काढायचं आणि रिकाम्या जागेत आपलं म्हणणं भरायचं. एप्रिलात जयंतीला ही गाणी गावोगाव व्हायची. आणि शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव नि गाव गुंफायचं. पुस्तक छापणारा कुणी नव्हता, त्यामुळे गाणं कुणाचं हे गाण्यातच बांधून ठेवावं लागे. शेवटचं कडवं म्हणजे त्या गाण्याचा सातबारा.

आबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका आईचं होतं. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती निघालीय आणि सोबत यायला हट्ट धरणाऱ्या लेकीला ती शाळेकडे वळवते. "भारा मी नेते डोईवर, पाटी तू घे गं बाई." मी हे गाणं पाळण्यात असल्यापासून ऐकलं. मूळ सिनेमातलं गाणं मात्र नवव्या वर्षी ऐकलं, स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलातल्या रेडिओवर. धावत घरी आलो. ओट्यावर पार्टीची माणसं तालमीला बसली होती.

"आबा, तुमचं गाणं कुणीतरी चोरलंय!"

"कोण रं?"

"मुंबैची माणसं हाईत. आनि शब्द तर लई घाण घातल्यात. ती बाई नुसती कुणाची तरी वाट बघत बसलीया."

ढोलकीवाल्याला हसता हसता ठसका लागला. आबा शांतपणे म्हणाले, "बसू दे की वाट बघत. आपली पोरगी तवर शाळंत जाऊन यील."

सिनेमाचं गाणं आधीचं आणि आबांचं नंतरचं, हे कळल्यावर मी दोन दिवस त्या हॉटेलाकडे फिरकलो नाही. पण आजही मला कुणी मूळ गाणं ऐकवलं तर ती नटी मला शाळा चुकवून नदीवर बसलेली वाटते.

आता दुसरी कबुली. आबांच्या त्या पोरीसारखा मीही शाळेत गेलो आणि शिकून कोल्हापुरात कॉलेजला आलो. पहिल्याच वर्षी गॅदरिंगमध्ये मी हे गाणं म्हटलं. तीन कडवी म्हटली आणि थांबलो. चौथ्यात आबांचं नाव होतं, गाव होतं. त्या काळी नुसतं नाव ऐकून माणूस कुठल्या गल्लीतला, हे ओळखणारे लोक होते. आता तसे राहिले नाहीत म्हणतात. आता ते आधी आडनाव विचारतात.

टाळ्या मात्र भरपूर पडल्या. रात्रीचं जेवण झाल्यावर हॉस्टेलवरचा माझा खोलीभाऊ टेपरेकॉर्डर घेऊन आला. त्यानं परत म्हणायला लावलं, टेप केलं आणि विचारलं, "कुणाचं हाय रं गाणं?"

"पारंपरिक हाय," मी म्हणालो.

ती परंपरा त्या वेळी पंचेचाळीस वर्षांची होती. पांढरा सदरा घालायची आणि दर रविवारी एसटीनं येऊन मला भाकरी-चटणीचं गाठोडं देऊन जायची. हॉस्टेलच्या फाटकातूनच देऊन परत जायची, कारण आत यायची गरज नाही असं मीच तिला सांगितलं होतं.

टेप खोलीभावाच्या गावी गेली, तिथून कुणाच्या तरी लग्नात, तिथून पुढे. तेहतीस वर्षांत या गाण्याचं काय काय झालं ते मी गप्प बसून ऐकत आलो. एका ब्रास बँडनं ते वरातीला घेतलं. लेकीला शाळेत धाडणाऱ्या आईच्या चालीवर नवरदेवाचे मामा जमिनीवर लोळून नाचले. मग डीजेवाल्यांनी घेतलं. त्यात शब्द एकच उरला, "पाटी", आणि तो दर चार ठोक्यांनी छातीत येऊन बसायचा. आमच्या इमारतीच्या काचा त्या एका एप्रिलात पुरत्या साक्षर झाल्या. एका शाळेत हेच गाणं स्नेहसंमेलनात समूहगीत म्हणून झालं. बाईंनी ऊस काढून तिथं फुलं घातली होती, कारण उसानं म्हणे मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो. यातलं प्रत्येक व्हर्जन ऐकताना मी मनात त्याची आबांच्या गाण्याशी तुलना करायचो, नाकं मुरडायचो आणि शेवटी माझ्या ध्यानात यायचं, की यातलं पहिलं वाईट व्हर्जन माझं होतं. बाकीच्यांनी निदान न लाजता म्हटलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं मोबाईलवर नवीन व्हिडिओ आणला. ती तेव्हा बारावीला होती, आणि माझी आई वारल्यापासून आबा आमच्याच फ्लॅटवर असल्यामुळे तिची त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त मैत्री आहे. व्हिडिओत गच्चीवर एक तरुण गिटार घेऊन बसला होता. हे "अनप्लग्ड" आहे, म्हणजे विजेचा काही संबंध नाही, असं त्यानं तीन माइक लावून सांगितलं. मग डोकं दुखत असल्यासारखं हळूहळू त्यानं आबांचं गाणं म्हटलं. खाली लिहिलं होतं, "पारंपरिक".

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कानात यंत्र. त्यांनी मोबाईल कानाला धरून पूर्ण ऐकलं.

"पोरगं झोपेत गातंय," ते म्हणाले, "पर गोड हाय." मग थांबून, "शेवटचं कडवं कुठं गेलं?"

"तीनच आहेत, आबा," लेक म्हणाली.

"चार हाईत."

मी पेपर वाचत होतो. निधन वार्तांचं पान होतं, तेच परत वाचलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात तपास सुरू झाला. लेकीनं त्या तरुणाला मेसेज केला, गाणं कुठून मिळालं? त्याचं उत्तर आलं, मामाकडून. मामाला कुठून मिळालं? एका बँडवाल्याकडून. बँडवाला म्हणाला, राधानगरीकडच्या एका लग्नात टेप ऐकली. रोज संध्याकाळी ती ताजी बातमी आणायची आणि आबा विचारायचे, "म्होरं?" माझा खोलीभाऊ राधानगरीकडचाच. आता तो शाळेत मुख्याध्यापक आहे आणि फेसबुकवर सगळ्यांना उत्तर देतो. मला माहीत होतं की या गाडीचं शेवटचं स्टेशन मी आहे. मी लेकीला म्हणालो, "अभ्यास कर. बारावी आहे." बापाच्या अधिकाराचा एवढा शुद्ध उपयोग मी आधी कधी केला नव्हता.

एका दुपारी लेक क्लासला गेल्यावर मी गॅलरीत आबांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. गॅदरिंग, टेप, "पारंपरिक", फाटक. मी फार चांगलं सांगितलं. मधे दोनदा डोळे पुसले आणि मला वाटलं, किती प्रामाणिक माणूस आहे मी. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी खिशात घातली.

चार दिवस ते यंत्राशिवाय राहिले. मी काही विचारलं की कानाकडे बोट दाखवायचे. लेकीशी मात्र त्या बहिऱ्या कानांनी व्यवस्थित गप्पा चालत.

पाचव्या दिवशी लेकीला सगळं कळलेलं दिसलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, त्या व्हिडिओखाली कमेंट टाकूया. गाणं आबांचं आहे म्हणून त्यांचं पूर्ण नाव, गाव लिहूया."

आबांनी यंत्र कानात बसवलं. "लिवून काय व्हतंय? नाव गाण्यात आसतंय. ते म्हणायचं आसतंय." मग माझ्याकडे वळून, "तू रविवारी कोट घालून कुठं जातोस?"

इथेही मी ते नाव लिहिलेलं नाही ते त्यामुळेच. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा अजून लाजतो. त्याला तसं वाटायला भरपूर जागा आहे, हेही मान्य.

रविवारी आबा पहिल्या रांगेत बसले. पांढरा सदरा, धोतर, शेजारी नात मोबाईल घेऊन. अध्यक्षांनी त्यांचं फार आदरानं स्वागत केलं. मी त्या सिनेमाच्या गाण्याचा ट्रॅक लावायला सांगितला होता, तोच लागला. अडचण एकच होती. पडद्यावर मूळ शब्द सरकत होते. ती नटी, ती नदी, ती वाट बघणं. आम्ही क्लबमध्ये सात वर्षं पडद्याकडे बघूनच गातोय, डोळे आपोआप तिकडे जातात. मी पडद्याकडे पाठ केली आणि आबांकडे बघून "भारा मी नेते डोईवर" सुरू केलं.

तीन कडवी बरी झाली. ती मी तेहतीस वर्षांपूर्वीही म्हटली होती. चौथं सुरू झालं आणि मी तिथं पोचलो, जिथं आबा म्हणतात की अमुक गावचा अमुक हे सांगतो, त्याला पाटी मिळाली नाही म्हणून त्यानं चाल धरली. गाव म्हटलं. नाव म्हटलं. नावावर माझा आवाज खाली बसला, पण माइकनं तो सगळ्या हॉलला पोचवला. तिथल्या यंत्राचा हा एक गुण आहे.

टाळ्या जरा विचार करून पडल्या. अध्यक्ष उठले. "आवाज छान लागला," ते म्हणाले, "पण साहेब, शब्द सगळेच चुकले की हो! ओरिजिनलपासून फार लांब गेलात."

"चुकले नाहीत," मी म्हणालो. "ते शब्द माझ्या वडिलांचे आहेत. शेवटच्या कडव्यात नाव आलं ते त्यांचंच. हे समोर बसलेत ते."

हॉलमध्ये काही चेहरे बदलले, ते मी बघितले. काही अजिबात बदलले नाहीत, तेही बघितले. मागून एक सभासद म्हणाले, "पण हे तर पारंपरिक गाणं आहे. आमच्या मेव्हण्याच्या वरातीत बँडनं वाजवलं होतं."

आबा खुर्चीतूनच मागे वळले. "पावणं, वरातीत शब्द कुठं आसत्यात? तुमचा मेव्हणा काय शाळंला निघालता व्हय?"

हॉल हसला. अध्यक्षही हसले, पण निकाल काय द्यायचा हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. त्यांनी पुढचं नाव पुकारलं. चहाच्या वेळी दोघंजण येऊन आबांच्या पाया पडले. एकजण, जो एरवी माझ्याच कपातला अर्धा चहा घ्यायचा, लांबूनच हात करून गेला. आबांनी दोन्ही पाहिलं आणि बिस्कीट चहात बुडवलं.

परत येताना रिक्षात आबा मध्ये, एका बाजूला लेक, एका बाजूला मी. मला वाटत होतं आता ते काहीतरी म्हणतील. माफ केलं असं नाही, तेवढी माझी अपेक्षा नव्हती. म्हणजे होती, पण ती मी स्वतःला कळू दिली नव्हती.

"नावावर आवाज बसला तुजा," आबा म्हणाले.

"हो, बसला."

"गावाचं नाव नीट म्हटलास. माज्या नावाला काय झालं?"

याचं उत्तर मी त्या दुपारी गॅलरीत रडत रडत देऊन बसलो होतो आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"परत म्हण," आबा म्हणाले.

"इथं? रिक्षात?"

"का? हितं कोन वळखीचं हाय?"

मी म्हटलं. हळू आवाजात, फक्त ते कडवं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारसायकलवरच्या दोघांनीही बघितलं. आबांनी कानातल्या यंत्राचा आवाज बोटानं थोडा मोठा केला.

"आईकू आलं न्हाय," ते म्हणाले. "परत."