काना पुसला आणि बस निघाली

डिसेंबरातला मंगळवार. प्रार्थनेआधी मी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापत बसले होते. थंडीने बोटे वळत नव्हती आणि पुठ्ठ्यांना गेल्या हंगामाचा आंबटगोड वास अजून चिकटून होता. चौथीच्या भाषेच्या तासाला वर्गात एसटी स्टँड उभारायचा होता. बाक म्हणजे बस, पुठ्ठा म्हणजे पाटी, त्यावर खडूने लिहिलेली गावे.

अक्षर जिवंत कधी होते? मला वाटते, त्याच्यावाचून आपले अडते तेव्हाच. धड्यातल्या शब्दावाचून मुलांचे अडते तरी काय? बस भलत्याच गावाला निघाली, तर मात्र सगळेच अडते!

हा सगळा खटाटोप काजलसाठी होता. सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामासाठी दिंडोरीजवळ आलेल्या कुटुंबातली ही मुलगी. अक्षरे सुटी सुटी ओळखायची, पण धडा ऐकून ऐकून पाठ करायची आणि बोट तिसऱ्याच ओळीवर ठेवून घडाघडा म्हणायची. आदल्या दिवशी तिचे वडील मला म्हणाले होते, "बाई, वाचाया येत नाय तं बुधवारपासून बागेत नेतो तिला. घड तरी विरळंल."

आवाज खणखणीत, म्हणून काजलला कंडक्टर केले. पाट्या मी एकदा वाचून दाखवल्या. तिने त्यांचा क्रमच पाठ केला. मग मी गुपचूप 'वणी'च्या जागी 'वाणी' अशी पाटी लावली.

"वणी! वणी चला! देवीवाले पुढं सरका!" काजल ओरडली.

पहिल्या बाकावरचा सार्थक उठून उभा राहिला. "ओ कंडक्टरबाई, ही गाडी वाण्याकडं चाललीय! मला देवीला जायचंय, गोडंतेल आणायला नाय!"

वर्ग हसून लोळला. काजल हसली नाही. तोंडाने 'टिंग' करून तिने बस थांबवली, खाली उतरली, पाटीसमोर उभी राहिली आणि कान्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो दांडा कोनी घातला?"

तिने अंगठ्याला थुंकी लावली, काना पुसला, पाटी पुन्हा न्याहाळली आणि गरजली, "आता वणी! बसा मुकाट!"

मला त्या क्षणी भर वर्गात नाचावेसे वाटले! नाटक म्हणजे खोटे, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या खोट्या बसमध्ये तिचे खोटे वाचन टिकले नाही, आणि खरे वाचन, कुणी न बोलावता, पुढच्या दाराने चढून आत आले. त्यानंतर पाटी वाचल्याखेरीज तिने बेल मारली नाही. येवल्याची मात्रा तपासली, दिंडोरीच्या दोन्ही वेलांट्या बोटाने गिरवल्या. प्रवासी वैतागले, पण कंडक्टर हलेना.

बुधवारी सकाळी मजुरांचा ट्रॅक्टर शाळेच्या वळणावर थांबला. ट्रॉलीत काजलही होती.

"ती वाचते आता," मी तिच्या वडिलांना सांगितले.

"पाठ केलं असंल, बाई."

शंका रास्त होती; मी वाद घातला नाही. पर्समधला खडू काढला आणि शाळेच्या कुंपणभिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहिले.

काजल उभी राहिली. "का...जल. खा...ली. उ...तर."

क्षणभर थांबली, आणि उडी मारून उतरली.

वडील भिंतीकडे बघत राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल रं. तिला राहू दे."