गयामावशीचं बोलणं

गयामावशी गेल्याचा फोन मावसभाऊ भास्करनं पुण्याहून केला. मी कळमनुरीहून तिच्या गावी, साखऱ्याला पोचलो तेव्हा ओसरीवर कुणीतरी म्हणत होतं, "एकटीच राहायची बिचारी..." मला तेव्हाही राग आला, महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. माझी मावशी एकटी राहत होती, कारण तिला तसं राहायचं होतं. आणि त्यासाठी ती भांडली होती.

दहाएक वर्षांपूर्वी भास्करनं तिला डीव्हीडी प्लेअर आणून दिला. दिवाळीला सगळे सिनेमा बघायला बसले. मावशी दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय म्हनली ती?" दुसऱ्या दिवशी भास्करनं ठरवूनच टाकलं. आईचे कान गेले; शेळ्या विकायच्या, घराला कुलूप घालायचं आणि तिला पुण्याला न्यायचं. "रस्त्यावर मागून गाडी आली तर कळेल का तुला?" तो म्हणाला.

मावशीनं मला हाक मारली, सिनेमा पुन्हा लावायला सांगितला आणि टीव्हीजवळ जाऊन बसली.

"गाणं कसं गडगडून राहिलं बघ. अन् बोलणं तेवढं कुजबुज. बहिऱ्या माणसाला गाणं तरी काहून ऐकू यावं? गोठ्यातलं पिलू वरडलं तर मला हितं ऐकू येतं. ह्या बाईचंच येत न्हाई, व्हय?"

रिमोट घेऊन मी डिस्कचा मेनू उघडला. सगळं इंग्रजीत, मी वाचायचो, ती अर्थ विचारायची. आवाजाचे दोन प्रकार होते. एक पाच स्पीकरांचा, दुसरा साधा, दोन स्पीकरांचा. निवडलेला होता पाचांचा. त्यात पात्रांचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरला जातं, आणि इथं टीव्हीचे दोनच, मी तिला सांगत होतो...

"मधला डबा न्हाईच? मंग बोलणं गेलं कुठं?"

"कुठंच नाही, मावशी."

मी साधा प्रकार निवडला. बाईचा आवाज खणखणीत घरभर झाला. मावशीनं भास्करला आत बोलावलं आणि पुढचे चार संवाद शब्द न शब्द म्हणून दाखवले. "माझे कान तपासायच्या आधी तुझा डबा तपासायचा होता." शेळ्या राहिल्या. मावशीही राहिली.

पुढं तिला खरंच कमी ऐकू यायला लागलं. ते तिनंच पहिल्यांदा सांगितलं. स्वतः हिंगोलीला जाऊन कानाचं मशीन लावून आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आता कमी येतं. पण ते मी सांगंन, तुमी न्हाई."

तेराव्यानंतर दुपारी भास्कर आणि मी तिच्या खोलीत बसलो होतो. त्यानं प्लेअर चालू केला. आत डिस्क होतीच. पडद्यावर एक म्हातारा रडत होता, तेलुगूत. शेजारीण दारातून म्हणाली, "मराठीत दोनदा बघून झाला होता त्यांचा. मंग भाषा बदलली. म्हनल्या, कळत न्हाई तरी रडणं तेच हाय का ते बघते."

भास्करनं मराठी करायला रिमोट उचलला. मग बटण न दाबताच तो खाली ठेवला. आम्ही दोघांनी तो सिनेमा शेवटपर्यंत तेलुगूतच पाहिला.