चुकीच्या रकान्यातले मधुकर भावोजी

मधुकर भावोजींना एका सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाने फसवलं, आणि त्या सौद्यात दलाली मी केली. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, बाई दुसऱ्यावर खापर फोडतेय.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी भिवंडीत कामतघरच्या चाळीत आले, त्या दिवशी सगळे सासरचे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि हे एकटे माझ्या पदराकडे. बराच वेळ बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्या साडीत तीन धागे तुटलेत. एक किनारीला हाय, दोन पदरात." ना नमस्कार, ना नाव. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी खोलीत जाऊन पदर उजेडात धरला. तीनच होते.

ते माणसाच्या डोळ्यांत बघत नसत. भांड्यांचा आवाज झाला की कान झाकून घेत. जेवणात भाताला आमटी लागलेली चालत नसे, दोन्ही वेगळं लागे. रोज एकाच रस्त्याने जायचं, एकाच वेळी चहा. कोणी आडून बोललं की म्हणत, "पुन्हा सांगा. सरळ सांगा." चाळीत त्यांना येडा मधू म्हणत. सासूबाई म्हणत, तो असाच हाय. अख्ख्या भिवंडीत तेव्हा सासूबाईंएवढं अचूक कोणीच बोललं नव्हतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. तो वारल्यावर मी निजामपुऱ्यात फुटपाथवर कापडाचे तुकडे विकायला बसले. फुटपाथवरून गाळा, गाळ्यातून दुकान. हे मी जिभेवर उभं केलं. शिव्या खाल्ल्या, दिल्याही. भावोजींना मी दुकानात कापडाचे ताके तपासायला बसवलं. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड ओढायचं आणि तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. आठ तास ते त्या टेबलाशी असे बसत, जसं कोणी आवडीचं पुस्तक वाचावं.

पण माझ्या धंद्याला त्यांनी पहिली दोन वर्षं आगच लावली. गिऱ्हाइकासमोर मी ताका उलगडून म्हणे, "एक नंबर माल आहे शेठ." आतून त्यांचा एकसुरी आवाज येई, "वहिनी, हा ताका तुम्ही काल खराब म्हणालात."

गिऱ्हाईक गेलं की मी उसळायची. "तुम्हाला गप्प बसता येत नाही का?"

"येतं. पण तुम्ही चुकून चांगला म्हणालात."

"चुकून नाही, मुद्दाम म्हणाले."

यावर ते खूप विचार करत आणि म्हणत, "हाय ते हाय, वहिनी. न्हाय ते न्हाय." राग येण्याचीही सोय नसे. रागावलेलं त्यांना कळतच नसे, सांगावं लागे की मी आता रागावले आहे. मग ते म्हणत, "बरं. किती वेळ?"

हळूहळू उलटंच झालं. मालेगावचा एक व्यापारी यायचा, पक्का घासाघीस करणारा. मी बोलायला लागले की हात वर करून म्हणे, "भाभी, आप रहने दो. मधुकरभाई को बोलने दो." भावोजी दोष सांगत, तेवढेच. तो मान हलवे आणि बाकीचा माल न उघडता उचले. माझ्या जिभेपेक्षा त्यांच्या जिभेला बाजारात जास्त किंमत आली. मला ते आवडलं नव्हतं. पण सवय झाली, आणि मग मी त्यांच्याशिवाय माल विकेनाशी झाले.

एका शाळेच्या बाई पिशव्यांसाठी कापड न्यायला येत. विशेष मुलांची शाळा होती त्यांची. त्यांनी भावोजींना दोन-तीनदा नीट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे दीर स्वमग्न आहेत. त्यांना कोणी तपासलं नाही का कधी?"

"म्हणजे डोक्याचा आजार?"

"आजार नाही ताई. आजार होतो, मग माणूस बदलतो, औषधाने बरा होतो. हे जन्मापासून असेच घडलेत. जग त्यांना वेगळं ऐकू येतं, वेगळं दिसतं. दोन्ही गोष्टी एका खात्यात टाकू नका. कधी सरकारी कागद काढलात तर नीट बघून काढा."

म्हणजे बरोबर शब्द मला माहीत होता. कोणी सांगितलाच नव्हता, असं मला म्हणता येत नाही.

कागद काढायची वेळ आली ती अशी. भावोजींना लूमचा खडखडाट आवडे. बाकी सगळे आवाज त्यांना टोचत, पण लूमचा ठोका चालू असला की चेहरा सैल पडे. दुपारच्या सुट्टीत ते गल्लीतल्या एका कारखान्याच्या भिंतीला तळवे लावून उभे राहत. एकदा नवीन आलेल्या कामगारांनी त्यांना पकडलं. "यहाँ क्या कर रहा है?" भावोजी म्हणाले, "ऐकतोय." मोबाइल चोरीचे दिवस होते. मी धावत पोचेपर्यंत ओठ फुटला होता. मी त्या चौघांना जे बोलायचं ते बोलले, आणि ठरवलं की यांच्या खिशात सरकारी शिक्क्याचा कागद पाहिजे.

सरकारी दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्याची खिडकी होती. मी सांगितलं, स्वमग्नता. कारकुनाने भावोजींकडे पाहिलं. "वय?"

"अठ्ठेचाळीस."

"या वयात कुठली स्वमग्नता? ती पोरांना असते. त्याचे डॉक्टर वेगळे, इथे बसत नाहीत. ठाण्याला जा, तारीख घ्या, तीन-चार खेपा होतील. मानसिक आजाराच्या रकान्यात टाकलं तर आमचे डॉक्टर आज बसलेत. पंधरा दिवसांत दाखला."

"पंधरा नको," मी म्हणाले, "आठ दिवसांत द्या."

तो हसला, दहावर आला. मी जिंकल्यासारखी घरी आले. आयुष्यभर घासाघीस केलेली बाई मी, त्या खिडकीत दिवसांवर घासाघीस केली आणि शब्दावर केली नाही. दुकान बंद ठेवून ठाण्याच्या तीन-चार खेपा मला जड वाटल्या.

दाखला आला. भावोजींनी तो ताका तपासावा तसा उजेडात धरला. "वहिनी, हे चुकलंय. मला आजार न्हाय."

"कागदावर लिहावं लागतं, भावोजी."

"न्हाय ते कशाला लिहायचं?"

"ठेवा खिशात आणि गप्प बसा." मी ओरडले. त्यांनी खिशात ठेवला. पण कोणाला दाखवायची वेळ आली की आधी सांगत, "हा कागद चुकीचा हाय."

त्या रकान्याच्या मागे गोळ्या आल्या. दाखला ठरावीक मुदतीचा, पुन्हा करायचा तर उपचार चालू असल्याचं दाखवावं लागेल, असं खिडकीत सांगितलं. म्हणजे कागद खरा ठरावा म्हणून औषध. भावोजी नियमाचे पक्के, चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे घ्यायचं. चार महिन्यांत त्या गोळ्यांनी त्यांचा हात थरथरायला लागला. टेबलावर पेंगायचे. एक दिवस तेलाचा एवढा मोठा डाग त्यांच्या हाताखालून निसटला, आणि तो मालेगाववाल्याने दाखवला. भावोजी त्या डागाकडे बघत राहिले. "मला दिसला न्हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी भांडले आणि त्यांच्याकडूनच गोळ्या थोड्या थोड्या कमी करून बंद करून घेतल्या. डोळे परत आले. हाताची थरथर पूर्ण गेली नाही.

त्यानंतर वर्षभराने एका सकाळी ते चहाला आले नाहीत. भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "पोटात उजवीकडं दुखतंय. पहाटेपासून दुखतंय." बातमी सांगावी तसं. कण्हणं नाही, तोंड वाकडं नाही. मी त्यांना रिक्षात घालून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे गर्दी, स्ट्रेचरचा खणखणाट, डोक्यावर फडफडणारी ट्यूब. त्यांनी कान झाकले. नर्सने मनगट धरलं तसा त्यांनी झटका दिला आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. "पोटात उजवीकडं दुखतंय. पोटात उजवीकडं दुखतंय."

डॉक्टर तरुण होता, थकलेला. "यांना काय आहे?"

आणि मी, लवकर बघावं म्हणून, पिशवीतून फाइल काढून टेबलावर टाकली. शिक्क्याचा कागद पुढे केला की काम पुढे सरकतं, ही माझी आयुष्याची शिकवण. त्याने पहिलं पान वाचलं. त्याचा आवाज बदलला. "गोळ्या चालू आहेत?"

"वर्षापूर्वी बंद केल्या. डॉक्टरांनीच केल्या."

"मग हे असंच होणार."

"अहो, पोट बघा त्यांचं."

"मावशी, खरं दुखत असतं तर माणूस असा बोलतो का?"

त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं, मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली, घरी पाठवलं. मी भांडले, पण पुरेशी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी अंग तापलं, पोट फळीसारखं झालं. मुंबईच्या दवाखान्यात सर्जनने सांगितलं, अपेंडिक्स फुटलंय, काल का नाही आणलं. तिसऱ्या दिवशी भावोजी गेले. शुद्धीत होते तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, मी सरळ सांगितलं होतं." तक्रार नव्हती. फक्त नोंद.

लोक मला विचारतात, मग तो मानसिक आजार होता की नव्हता? नव्हता. पण असता तरी काय? ज्याला तो आजार असतो, त्याचं पोट दुखत नाही का? चुकीचा शब्द लिहिणारा एक, आणि तो शब्द वाचून पोटाला हात न लावणारा दुसरा. मला दोघांशी वेगवेगळं बोलायचं आहे.

मी त्या खिडकीत पुन्हा गेले. म्हटलं, त्यांच्या नावापुढचा शब्द बदला. कारकून म्हणाला, "माणूसच नाही राहिला मावशी, आता दुरुस्ती कशाला?" मोठ्या दवाखान्यात म्हणाले, लेखी अर्ज करा. केला. तिसरा अर्ज चालू आहे. पूर्वीसारखं ओरडायचा जोर आता नाही, उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसून राहते.

प्रत्येक अर्जात पहिलं वाक्य मी माझ्याविरुद्ध लिहिते: घाई मी केली, बरोबर शब्द माहीत असून चुकीचा घेतला, आणि तो कागद माझ्याच हाताने टेबलावर ठेवला. खाली माझी सही आहे. आता ज्याने तो शब्द लिहिला आणि ज्याने तो वाचून तपासायचं सोडलं, त्या दोघांनी आपापलं उत्तर लिहून खाली सही करावी. तोंडी नको. मला लेखी पाहिजे.