उत्कर्षाचा तक्ता आणि मोहनरावांचा मानक्रम

सकाळी नऊ वाजता उत्कर्षाने संगणक चालू केला, तक्ता उघडला आणि कपाळाला हात लावला. सातवी ओळ पुन्हा गायब होती. आठवड्यात ही चौथी वेळ.

इंदापूर रस्त्यावरच्या त्या दूध संघाचा संगणक विभाग म्हणजे उत्कर्षा, एक छपाईयंत्र आणि पावसाळ्यात गळणारी एक खिडकी. बत्तीस गावांतल्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं, यंत्रावर त्यातली फॅट लागली की त्याची नोंद इथं येई. मे महिन्यात एका सकाळी हे सगळं ठप्प झालं. पळसदेव केंद्राच्या तानूबाईंच्या मोबाईलवर एक संदेश आला होता, संघाच्या संगणक विभागाच्या नावाने: दुरुस्ती चालू आहे, अर्ध्या तासात पासवर्ड कळवा, नाहीतर तुमचं संकलन बंद पडेल. दारात चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी. तानूबाईंनी पासवर्ड कळवला, आणि संदेश धाडणाऱ्या भामट्यांनी त्यावरून आत शिरून संघाची सगळी यंत्रणाच बंद पाडली. त्यानंतर बत्तीस केंद्रांवर दुपारपर्यंत दूध उन्हात राहिलं आणि नासलं. दुसऱ्या दिवसापासून तानूबाई घरी. कायमचं काढायचं की परत घ्यायचं, हे सोमवारच्या सभेत ठरणार होतं.

त्या सभेआधीच्या शुक्रवारी सायबर सुरक्षेचा सराव उरकून घ्या, असा हुकूम उत्कर्षाला आला होता. खोटे संदेश पाठवायचे, कोण कसं वागतं ते बघायचं आणि अहवाल सभेपुढे ठेवायचा. तिने मन लावून तक्ता केला. किती वाजता, कुणाला, कोणत्या नंबरवर, काय संदेश आणि त्या माणसाने काय करणं अपेक्षित आहे, असे पाच रकाने. सातव्या ओळीत तिने तानूबाईंना आला होता तोच संदेश शब्दन् शब्द ठेवला. तो जाणार होता मोरगाव केंद्राच्या सुयोगला. पोरगा हुशार, पदवीधर. तोही फसला, तर चूक एकट्या तानूबाईंची नव्हती हे सभेला कागदावर दिसलं असतं. अशा वेळी काय करायचं हे संघाने आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं.

पण तक्ता सर्वांनी बघून सुधारावा असं ठरलं, आणि तिथंच घात झाला.

उत्कर्षाचे वडील, रावजी, लोणी भापकरच्या जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टर असत. वही मांडीवर, कंदील पायाशी आणि जागा विंगेत. काय दिवस होते ते. दोन महिने तालीम चाले, अख्खं गाव संवाद पाठ करी, आणि ऐन प्रयोगात खलनायक मरायला नकार देई, कारण पहिल्या रांगेत त्याची सासुरवाडी बसलेली असे. तलवार पोटात गेल्यावरही तो दहा मिनिटं उभा राहून बोले. रावजी विंगेतून कुजबुजत, "अरे मर आता, पुढच्या प्रवेशाची मंडळी खोळंबलीत." तो काही ऐकत नसे.

लहानपणी उत्कर्षा याला खूप हसायची. आता हसू येत नव्हतं. तिच्या तक्त्यातला एकही खलनायक मरायला तयार नव्हता. खरेदी विभागाने आपल्या माणसाने खोटी फाईल उघडल्याचा प्रसंग खोडून तिथं 'फाईल उघडली नाही, वरिष्ठांना कळवले' असं लिहिलं. गोदामवाल्यांनी सगळा प्रसंगच पशुखाद्य विभागाच्या गळ्यात घातला. आणि सातवी ओळ रोज सकाळी नाहीशी.

ती ओळ कोण खोडतं हे सगळ्यांना माहीत होतं. संकलन विभागाचे प्रमुख रणजित जिन्यात भेटले तेव्हा तिने विचारलंच.

"रणजितराव, किती वेळा घालू ती ओळ?"

"घालूच नका, मॅडम. आमची माणसं असलं करत न्हाईत. जिनं केलं, ती घरी हाय."

"मग सरावात दिसेलच की, करतात की नाही ते."

"आन् न्हाय जमलं तर? सभेत मान खाली कुणी घालायची? आमीच ना?"

उत्कर्षाने जिन्याच्या कठड्यावर हात आपटला आणि तो झिणझिण्या आल्यावर चोळत वर गेली. तिने फोनची जुनी नोंदवही काढून ठेवली होती. तानूबाईंनी त्या सकाळी पासवर्ड देण्याआधी कार्यालयात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा कुणी उचलला नव्हता, कारण फोन ज्यांच्या टेबलावर होता ते तेव्हा खाली चहा घेत होते. ही गोष्ट ती रणजितरावांना दोनदा सांगून बसली होती. टेबल त्यांचंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने एक युक्ती केली. ती ओळ उचलून सगळ्यात वर, पहिल्या जागी नेऊन ठेवली. रणजितरावांची बोटं सवयीने सातव्या ओळीवर जाणार हे तिला ठाऊक होतं. झालंही तसंच. त्यांनी रात्रीच्या पहारेकऱ्याचा प्रसंग खोडला आणि समाधानाने घरी गेले. शुक्रवारी सकाळी तिने तक्ता उघडला, पहिल्या ओळीतला संदेश जागेवर आहे एवढं बघितलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायली. नावांच्या रकान्याकडे तिने पाहिलं नाही. नावांना कोण हात लावणार?

मोहनराव लावणार होते. लावून झालेही होते.

मोहनराव म्हणजे संघाचे आस्थापना प्रमुख. बत्तीस वर्षं निमंत्रणपत्रिका, कोनशिला आणि स्वागताचे फलक त्यांच्या नजरेखालून गेले होते. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या मागे 'मा.' आणि कुणाच्या मागे नुसतं 'श्री.', यात त्यांची आजवर एक चूक नव्हती. गुरुवारी रात्री उशिरा त्यांनी तक्ता उघडला तर अध्यक्षांचं नाव अकराव्या जागी आणि मोरगावच्या सुयोगचं पहिल्या. त्यांना घामच फुटला. त्यांनी नावं आणि त्यांच्यापुढचे नंबर उचलले आणि मानाप्रमाणे ओळीने लावून दिले. संदेशांचे रकाने होते तिथंच राहिले. त्यात त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून सभ्यपणे त्यांनी त्यांना हात लावला नाही.

साडेदहाला संदेश आपोआप सुटले. दहा बत्तीसला पहिलं उत्तर आलं. आत पासवर्ड होता, एका बैलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. उत्कर्षा खूश झाली. मग तिने नाव वाचलं.

मा. हिंदुराव, अध्यक्ष.

तिने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मोहनरावांच्या खोलीत गेली.

"मोहनराव, नावं तुम्ही हलवलीत?"

"हलवली न्हाईत, नीट लावली. आबा अकराव्या नंबरला? लोकांनी काय म्हणावं?"

"अहो, ती लग्नपत्रिका नव्हती."

"कागद कुठलाबी असू दे, ताई. मान तो मान."

तिला ओरडायचं होतं, पण तेवढ्यात शिपाई आला. आबांनी बोलावलं होतं.

हिंदुराव आबा सत्तरीतले. रोज सकाळी मोबाईलवर बत्तीस गावांचं दूध बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. रणजितराव शेजारी बसलेले, चेहरा पडलेला.

"रणजित म्हणतोय, तो मेसेज तुझा खोटा होता," आबा म्हणाले.

"हो आबा. सरावाचा. हा तुम्हाला जायचा नव्हता, चुकून आला."

"मी पासवर्ड दिला."

"हो."

"किती वेळात?"

उत्कर्षाने रणजितरावांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते.

"दोन मिनिटांत, आबा."

आबांनी मोबाईल उचलून तो मेसेज पुन्हा वाचला. बाहेर टँकर मागे घेतल्याचा आवाज येत राहिला.

"दूध बंद पडंल म्हणलं त्यात. मला दुसरं काय सुचलंच न्हाय." मग त्यांनी चष्मा काढला. "तानूबाईला हाच आलता?"

"शब्दन् शब्द हाच. त्यांनी अकरा मिनिटं घेतली. मधे दोनदा इथं फोन लावला. कुणी उचलला नाही." तिने नोंदवही पुढे सरकवली.

आबांनी चष्मा परत लावला आणि बोट ठेवून वाचलं. मग रणजितरावांना म्हणाले, "त्या येळी तुमी कुठं होता हे मी इचारत न्हाय. सोमवारी सभेत मला कुणीतरी इचारंल, हा मेसेज आल्यावर मी काय केलं. मी सांगंन. तुमी बी सांगा."

सोमवारी आबांनी सभेत स्वतःच उभं राहून दोन मिनिटांची गोष्ट सांगितली. त्यानंतर तानूबाईंना काढा असं म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

बुधवारी उत्कर्षा एसटीने पळसदेवला गेली. धरणाचं पाणी उतरलेलं, एरवी त्यात बुडालेलं जुनं देऊळ अजून उघडं होतं. तानूबाई केंद्रात फॅट लावत होत्या. भिंतीवर कार्यालयाचा आणि उत्कर्षाचा असे दोन नंबर खडूने लिहिलेले होते.

"आता इचारल्याबिगर काय देत न्हाय बघा," तानूबाई म्हणाल्या. "काल आबांचाच फोन आलता, दूध किती झालं म्हणून. म्हणलं, आदी तुमच्या बैलाचं नाव सांगा."

"सांगितलं?"

"हासले. आन् मग सांगितलं."

उत्कर्षाने डोळे मिटून घेतले. आता आबांना पासवर्ड बदलायला सांगायचं होतं, आणि तेही तिलाच.

परत आल्यावर तिने पुढच्या सरावाचा तक्ता उघडला. मोहनरावांनी या वेळी कुठलंही नाव हलवलं नव्हतं. फक्त प्रत्येक नंबराच्या आधी 'मा.' लावलं होतं, त्यामुळे एकही संदेश जाईना. तिने चष्मा पुसला, ओढणी खोचली आणि पहिल्या ओळीपासून एकेक 'मा.' काढायला बसली.