मागणी सहीची नव्हती

तारखा आणि जबाबदार व्यक्ती आधी नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी गैरसमजाचा आधार घेणार नाही.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळ. पहिला नकार. जबाबदार: आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना चालवणारे तरुण डॉक्टर.

तीच सकाळ, काही वेळाने. दुसरा नकार. जबाबदार: चौकापलीकडच्या खाजगी रुग्णालयातले ड्यूटीवरचे डॉक्टर.

तोच दिवस, दुपार. तिसरा नकार. जबाबदार: एके काळी माझ्या हाताखाली काम शिकलेले आणि आज स्वतःच्या रुग्णालयाचे मालक असलेले गृहस्थ.

त्या दिवसापासून आजपर्यंत. मौन. जबाबदार: शहरातली आमची डॉक्टरांची संघटना, जिचा मी आजीव सभासद आहे आणि जिला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची पोच माझ्याकडे आहे.

त्या गुरुवारी सकाळी माझी पत्नी चिंचवडच्या आमच्या राहत्या घरी वारली. तिचे हृदय बरीच वर्षे थकत चालले होते आणि तिच्यावर उपचार मीच करत होतो. रोज सकाळी तिच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा किती खोल पडतो ते पाहायचे, आणि त्यावर दिवसाच्या गोळ्या ठरवायच्या. "झाली का हजेरी?" ती विचारायची. "गालाला खळी कधी पडली नाही, निदान नडगीला तरी पडली." त्या सकाळी मी अंगठा दाबला आणि ती काही बोलली नाही.

मी नाडी पाहिली. स्टेथोस्कोप लावला. आणि मला ठोके ऐकू आले.

ते माझे स्वतःचे होते. यात गूढ काही नाही. तपासणाऱ्याचीच छाती धडधडत असली की असे होते, हे मी हाताखालच्या डॉक्टरांना कितीदा बजावले असेल. तरीही मी नळी कानांतून काढली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा ठोके. आमची मुलगी परदेशात असते. तिने फोनवर एवढेच विचारले, "बाबा, नक्की ना?" परक्यांच्या घरात उभे राहून आयुष्यभर ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, ते मला माझ्या मुलीला देता आले नाही.

माझा दवाखाना दापोडीला, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत होता. तिथे एक रीत होती. माणूस गेले हे साऱ्या घराला दिसत असले तरी डॉक्टर येईपर्यंत कोणी मोठ्याने रडत नसे. एखादीला हुंदका आवरला नाही तर वडीलधारी बाई दटावत असे, "थांब गं, डॉक्टरांना येऊ दे." मी जाई, तपासे, मान हलवे, आणि मग त्या घराला रडू फुटे. चाकणकडच्या एका वस्तीवर तर एका म्हाताऱ्याने मला बायकोला दोनदा तपासायला लावले होते. "सायेब, परत एकदा बघा. आमी रडाया लागलो आन् ही उठून बसली, तर समद्यांना शिव्या घालंल." मी परत बघितले होते. मला त्याचा राग आला नव्हता.

आता माझ्या घरी कोणी यायला हवे होते. मी खाली गेलो.

"काका, मी काकूंना कधीच तपासलेलं नाही," तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले. "उद्या पोलिसांचं काही लचांड झालं तर?"

"दाखल्यावर सही मागत नाही. वर येऊन फक्त बघा."

"तुम्ही स्वतः एवढे सीनियर. मी काय वेगळं बघणार?"

चौकापलीकडून फोनवर उत्तर आले, "बॉडी इकडे घेऊन या, मग बघू." मी म्हटले, जिच्या मृत्यूची खात्री व्हायची आहे तिला तुम्ही आधीच बॉडी म्हणता आहात. फोन ठेवला गेला.

तिसऱ्याने निदान आवाज हळू केला. "सर, तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? मग तुम्हीच लिहा की. कायद्यानं काही अडत नाही."

अडत नाही, हे मला मान्य आहे. उपचार मी केले होते, मृत्यूचा दाखला द्यायला मीच पात्र होतो, आणि नवऱ्याने तो देऊ नये अशी स्पष्ट मनाई मला कुठे सापडलेली नाही. मी शोधली आहे. म्हणूनच पुन्हा सांगतो, मागणी सहीची नव्हती. मागणी येण्याची होती. ज्याचे कान माझे नाहीत अशा कोणीतरी तिच्या छातीवर नळी ठेवावी, एवढीच ती मागणी होती.

शेजारच्या वहिनी चहा ठेवून गेल्या. त्या दिवशी घरोघरी घट मांडलेले होते. "किती वाजेपर्यंत नेणार, काही कळलं का? संध्याकाळी हळदीकुंकू आहे," असे जिन्यात कोणी दबक्या आवाजात म्हणाले. मी तिच्या उशाशी बसून ते ऐकले. चहावर साय धरली.

शेवटी तळेगावच्या वर्गबंधूला फोन केला. त्याच्याविरुद्ध, त्याच्या गैरहजेरीत कंपाउंडर इंजेक्शने देतो म्हणून, मीच पूर्वी लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. तो लोकलने आला. धापा टाकत दारात उभा राहिला.

"आधीच सांगतो, माझं रजिस्ट्रेशन चालू आहे. नाहीतर यावरही अर्ज ठोकशील."

"आत ये."

त्याने हात धुतले. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. नळी ठेवली आणि बराच वेळ, अगदी गरजेपेक्षाही जास्त वेळ, ऐकत राहिला. मग पदर नीट करून म्हणाला, "वहिनी गेल्या रे. आता रड."

मी रडलो. नंतर मुलीला फोन केला आणि नक्की म्हणून सांगितले. दाखला माझ्या हाताने लिहिला.

वर्गबंधू आता मुलाकडे बंगळुरूला असतो. त्याचे गुडघे गेले. घरात मी एकटा आहे. सकाळी उठल्यावर अंगठ्याला काही काम नसते. माझी वेळ येईल तेव्हा खात्रीसाठी फोन फिरवणारेही घरात कोणी नसेल; दूधवाल्याने किंवा शेजारच्या वहिनींनी दार वाजवले, तर कळेल. त्यानंतर त्यांनी कोणाला बोलवायचे?

याचे उत्तर मला खाजगी पत्राने नको, फोनवर नको. संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी उभे राहून, सर्वांसमक्ष सांगावे की या शहरात घरी मरणाऱ्या माणसाच्या दाराशी आमच्यापैकी कोण जाणार आहे. आणि त्या तिघा सभासदांनी त्याच सभेत सांगावे की माझ्या घरी येण्याच्या आड कायद्याचे नेमके कोणते कलम आले. जे उत्तर मिळेल, ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.