नीतीचं पुस्तक आणि हद्दीचा धोंडा

१९८४ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक वाचलं. पुस्तक नीतिशास्त्राचं होतं. हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडं बघून हसतात. हसू देत. वाचलं ते वाचलं.

माझं शिक्षण तिसरी पास. चौथीत बसलो तो भाताची लावणी सुरू होईपर्यंत. लावणी संपल्यावर मला परत शाळेत पाठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि मीही आठवण केली नाही. पुढं चिरेखाणीवर गेलो. जांभ्या दगडाचा चिरा सरळ रेषेत काढायचा तर डोळा लागतो, अक्षर लागत नाही. पाटी, पावती, एस.टी.चा बोर्ड एवढं वाचता यायचं, तेवढ्यावर माझं काही अडलं नव्हतं.

माझी मुलगी मात्र रत्नागिरीला कॉलेजात जायची. रोज एस.टी.नं जाऊन येऊन. विषय घेतला तत्त्वज्ञान. यानं नोकरी लागते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही. मग कशाला? तर म्हणाली, आपण जे मानतो ते का मानतो, हे कळतं. मी सांगितलं, मला माहीत आहे मी का मानतो. माझा बाप मानायचा म्हणून. ती हसली आणि पुस्तक घेऊन आत गेली.

शिमग्याच्या आधी तिची आई घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया भाजत होती. मुलगी वाकून निखारे सारत होती. एक बी फुटली आणि कवचाचं तेल उडून तिच्या दोन्ही डोळ्यांत गेलं. रत्नागिरीच्या डॉक्टरनं डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. दृष्टी वाचली, पण परीक्षेपर्यंत वाचायचं नाही म्हणून सक्त सांगितलं. ऐकून अभ्यास करायला हरकत नव्हती. पण वाचून दाखवणार कोण? बायकोला अक्षरओळख नाही.

तसा वाचणारा माणूस होता, आणि तोही गडग्यापलीकडं. आमची दोन्ही खळी एका दगडी गडग्यानं वेगळी केलेली. पलीकडं माझा लहानपणापासूनचा सोबती राहायचा. पंधराएक वर्षं मुंबईला छापखान्यात खिळे जुळवले, मग घरी येऊन शेती धरली. मुलगी लहान असल्यापासून त्याच्याच पडवीत बसून अभ्यास करायची. पण त्या वर्षी तो वाळीत होता.

का, ते सांगतो. गावाच्या डोक्यावर सडा आहे. सगळा कातळ, मधे एक पाणवठा, पलीकडं गवत. त्या गवतावरून आमच्या आणि शेजारच्या गावाचा दावा कोर्टात चालला होता. हद्दीचा धोंडा पूर्वी पाणवठ्याच्या अलीकडं होता की पलीकडं, गवत संपतं तिथं, एवढाच प्रश्न. धोंडा तर कधीच नाहीसा झालेला. पलीकडं म्हणायचं, असं गावानं ठरवलं. साक्षीला माझा सोबती गेला, कारण तो नीटनेटकं बोलायचा. त्यानं नीटनेटकं सांगितलं, अलीकडं होता. गवत गेलं, पाणवठाही गेला.

मग गावकी बसली. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या कामाला जायचं नाही, शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते ती त्याच्या खळ्यात न्यायची नाही. जो त्याच्या पडवीची पायरी चढेल त्याच्याकडंही पालखी जाणार नाही आणि त्याचा मानही जाईल. आमच्यात मत घ्यायची पद्धत नाही. गावकर, म्हणजे गावकीचा मुख्य, विचारतो, सगळे गप्प बसतात, म्हणजे ठरलं. मीही गप्प बसलो. पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान माझ्या आज्यापासून आमच्या घराकडं. मी काय बोलणार होतो?

तर मुलीला मी सांगितलं, मी वाचतो. ती म्हणाली, बाबा, जोडाक्षरं फार आहेत. मी म्हटलं, असू देत, मी दगड फोडलेत.

दुपारी जेवणं झाली की आम्ही गडग्याजवळ फणसाच्या सावलीत बसायचो. ती डोळ्यांना पट्ट्या बांधून, मी बाजारातून घेतलेला चष्मा लावून. मला मनात वाचता येत नाही. मोठ्यानं, बोट फिरवत वाचतो. एक पान संपायला विडी ओढून संपेल त्याच्या दुप्पट वेळ जायचा. लिहिणाऱ्या पंडितांची नावं मी उच्चारत नसे. पहिला इंग्रज, दुसरा जर्मन, तिसरा जुना ग्रीक, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

पहिल्या धड्यात तो इंग्रज म्हणत होता, की ज्या कामानं जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते काम चांगलं. हे मला एकदम पटलं. ही तर आमची गावकी! सगळ्या गावाचं गवत आणि एका माणसाची साक्ष. मी पुस्तक मिटून मुलीला म्हटलं, बघ, तुझं पुस्तकसुद्धा गावाच्या बाजूनं आहे. ती म्हणाली, पुढं वाचा, पुढं आक्षेप आहेत.

पुढं एक वाक्य आलं, ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला काही कळलं नाही. चौथ्यांदा सुरू करणार तेवढ्यात गडग्यापलीकडच्या गोठ्यातून आवाज आला. माझा सोबती त्याच्या बैलाशी बोलत होता.

"हे बघ बैला, त्याचं म्हणणं असं, की काम चांगलं की वाईट ते फळावरून ठरवायचं. करणाऱ्याच्या मनात काय होतं ते धरायचं नाही. कळलं? नाय कळलं तर पेंढा खा."

वाळीतल्या माणसाशी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. त्यानं बैलाशी काय बोलावं, हे ठरलं नव्हतं. मी मुलीकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हटलं, "बाय, मला कळलं होतं. बैलाला कळलं नसेल."

ती पदराआड हसत होती.

तिथून रोज तसंच सुरू झालं. मी अडखळलो की बैलाला समजावणं व्हायचं. कधी दाखले गावातलेच असायचे, आणि मला पक्कं ठाऊक होतं की बैलाचा त्यात काही संबंध नाही.

दुसरा धडा जर्मनाचा. तो फळ धरतच नाही. त्याचं म्हणणं, एखादी गोष्ट करताना विचारावं, सगळ्यांनी असंच केलं तर चालेल का? चालणार नसेल तर आपणही करायची नाही. आणि खरं बोलणं हे कर्तव्य, मग त्यानं नुकसान होवो. मी चिडलो. मुलीला म्हटलं, याच्या गावात गवत नसेल. ती म्हणाली, उत्तरात असं लिहिता येत नाही बाबा, मुद्दा सांगा. मी मुद्दा शोधला. सगळ्यांनी कोर्टात सोयीचं तेच सांगितलं तर कोर्टाला कशाला जायचं? हा मुद्दा माझ्या तोंडून जर्मनाच्या बाजूनं निघाला, याचा मला आणखी राग आला.

त्या दिवशी बैलाला कुणी काही समजावलं नाही. पलीकडं माणूस होता, पेंढ्याचा आवाज येत होता.

बायको हे सगळं ऐकत असायची. एकदा मी तिला गडग्याच्या खालच्या अंगानं पलीकडून येताना बघितलं. हातात रिकामा टोप. विचारलं तर म्हणाली, कोंबडी पलीकडं गेली, ती आणायला गेले.

"आपली कोंबडी रोज कशी जाते गो तिकडं?"

"तिला गावकीचा निरोप पोचला नसंल," ती म्हणाली आणि टोप घासायला बसली.

कोंबडी तिच्याबरोबर नव्हतीच. मी पुढं विचारलं नाही. तिसऱ्या धड्यातल्या ग्रीकाला माझी बायको आवडली असती. तो नियमही सांगत नाही आणि फळही मोजत नाही. चांगला माणूस काय करील, एवढंच विचारतो. आणि चांगला माणूस होतो सवयीनं, हात बसतो तसा. हे वाचताना मी थांबलो. खाणीवर नवा माणूस येतो तेव्हा त्याचा टिकाव वाकडा पडतो. रोज वाकडा मारला तर वाकड्याचाच हात बसतो, मग पुढं सरळ मारीन म्हटलं तरी जमत नाही. मला वाटलं, गप्प बसायचाही हात बसत असेल.

पुस्तक संपलं तेव्हा शिमगा आला होता. पालखी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात ती ठेवतात त्या ओट्यावर, यायला एक दिवस होता. मुलगी म्हणाली, शेवटी एक प्रश्न नेहमी येतो, त्याची तयारी करू. प्रश्न असा, की तुमच्या स्वतःच्या नैतिक धारणा कुठल्या सिद्धांताशी जुळतात, उदाहरण देऊन लिहा. ती म्हणाली, माझं मी लिहीन, आधी तुमचं सांगा.

मी ऐटीत सांगितलं. मी जर्मन. कुणाचं नुकसान होवो, मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. हे गाव सांगेल.

ती पट्टीच्या कडेला डोळ्यातलं पाणी यायचं ते पुसत बसली. मग म्हणाली, "बाबा, साक्षीला काकांच्या जागी तुम्हाला बोलावलं असतं तर?"

मी उठलो. चष्मा पुस्तकात ठेवला आणि सड्याची वाट धरली. चिडूनच. बापाला असं विचारायची हिंमत कॉलेजानं दिली, असं बडबडत चढलो.

वर वारा होता. पाणवठा आटून तळाला आला होता. मी आणि माझा सोबती पोरवयात तिथं गुरं घेऊन यायचो. त्या धोंड्यावर गावाकडं पाठ करून बसायचो आणि भाकरी खायचो. तो उजव्या बाजूला, मी डाव्या. पाणी समोर दिसायचं. समोर म्हणजे पलीकडं. म्हणजे धोंडा अलीकडं. हे काय मला त्या दिवशी आठवलं? गावकी बसली तेव्हाही माहीत होतं. कातळात धोंड्याची खोबण अजून आहे. चिरा काढणाऱ्याला ती लांबूनही दिसते. ती बघायला जायची मला गरज नव्हती. तरी गेलो आणि तिच्यात पाय ठेवून उभा राहिलो.

मी कधी खोटं बोललो नाही, ते खरंच आहे. पण मला कधी कुणी अडचणीचं विचारलंच नव्हतं. बोलावलं असतं तर काय सांगितलं असतं? प्रामाणिकपणे कबूल करतो, मला सांगता येईना. सत्तेचाळीस वर्षं ज्याच्यावर मान ताठ ठेवून चाललो ते माझं होतं की नुसतं वापरायची वेळ न आल्यानं नवं राहिलं होतं, हे मला कळेना. तीन पंडित वाचले होते, त्यांतला एकही याचं उत्तर देईना. इंग्रजाचं म्हणणं धरावं तर गवत गेलं ते गेलंच. जर्मनाचं धरावं तर गावकीत मी का गप्प होतो? ग्रीकाला विचारायचीच भीती वाटली.

घरी आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. बायकोनं माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. ती म्हणाली, जायचंच असंल तर मागच्या अंगानं जा, सगळी सहाण सारवण्यात गुंतलीत, कोण बघत नाय. मुलीच्या अभ्यासासाठी गेलो म्हणायचं, कुणी इचारलंच तर.

मी म्हटलं, मागच्या अंगानं कोंबडी जाते.

सकाळी मी आंघोळ केली, शिमग्यासाठी धुतलेलं धोतर नेसलो. मुलगी पुस्तक घेऊन पडवीत उभी होती, मी येते म्हणाली. मी तिला घरीच ठेवली. पुस्तकही ठेवलं. ती बरोबर असती तर गाव म्हणालं असतं, पोरीसाठी गेला, आणि उद्या कदाचित मीही तेच म्हटलं असतं. रिकाम्या हातानं निघालो, पुढच्या वाटेनं, सहाणेवरून.

सहाणेवर माणसं होती. गावकर पालखीच्या दांड्याला तेल लावत होता. मला बघून म्हणाला, ये, तुझाच दांडा पुसतोय.

मी म्हटलं, "सड्यावरचा धोंडा पाणवठ्याच्या अलीकडं होता. मी त्याच्यावर बसलेला हाय."

सारवणाऱ्यांचे हात थांबले. गावकर शांतपणे म्हणाला, निकाल लागून गेला, आता बोलून काय उपयोग?

"उपयोगासाठी नाय बोलत."

एवढं बोलून मी सोबत्याच्या खळ्याकडं वळलो. कुणी अडवलं नाही. मागं बघितलं नाही, पण ते बघतायत हे पाठीला कळत होतं. पायरी चढलो आणि पडवीत जिथं पूर्वी बसायचो तिथं बसलो. तो गोठ्यातून आला, हात धोतराला पुसत. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडं.

"पुस्तक कुठाय?"

"घरी. ते घेऊन पोरगी मागनं येईल. मी पाणी प्यायला आलोय."

तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. मी तो सगळा प्यायलो.